डाव्या पंखाची गॅरंटी

चार मराठी इंजिनियर एका हँगरमध्ये कोंडले की किस्से साचतातच. तोंडावर सांगत कोणी नाही, कारण सगळे एकमेकांच्या मुलांचे काका!

आमचं हँगर शिकागोबाहेर, मक्याच्या शेतांत. ऐंशीच्या दशकात बाबा आणि मंडळी दर रविवारी तिथे पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी विमानाची हुबेहूब नक्कल बांधायची. टेहळणीचं विमान. पायलट मागे, निरीक्षक पुढे. तोच हाताने बॉम्ब टाकायचा. पायलट बाबा. निरीक्षक मी, कारण बाकी सगळ्यांना ब्लडप्रेशर! आणि मी कॉलेज सोडलेलं, म्हणजे रिकामीच.

*

तेव्हा बॉम्ब कसे टाकायचे यावर तीन रविवार वाद. शेवटी चौघांतल्या बापटकाकांनी शिडीवरून कणकेची पिशवी सोडली. थेट स्वतःच्या नव्या गाडीवर!

"थिअरी करेक्ट आहे," काका म्हणाले, "गाडी चुकीच्या जागी आहे."

*

पंखांवर कापड शिवताना तीन पीएचडींनी दोऱ्याचा गुंता केला. बापटकाकूंनी गोधडीचे टाके घालून दुपारभरात संपवलं. काका पट्टी घेऊन आले. "टाके एकसारखे नाहीत."

"मग उसवा," काकू म्हणाल्या, "आणि तसेच उडा!"

*

लाकडाचा जोड चिकटवला की त्याच ग्लूने एक नमुन्याचा तुकडाही चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी हातोड्याने फोडायचा. लाकूड फाटलं तर जोड पक्का. ग्लू सुटला तर कच्चा.

उड्डाणाच्या आठवडाभर आधी बाकामागे मला एक तुकडा सापडला. बापटकाकांच्या अक्षरात 'डावा पंख'. ग्लू स्वच्छ सुटलेला. मी तो बाबांपुढे ठेवला.

बाबांनी तो बराच वेळ उलटसुलट पाहिला. "बापट वयाने मोठे आहेत गं. तोंडावर कसं विचारायचं?"

"पंख तुटल्यावर विचारायचं का?"

"तू आधी कॉलेज पूर्ण कर!"

*

उड्डाणाच्या सकाळी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला नारळ फुटला. बाबा मागच्या सीटवर पट्टा बांधून तयार. मी चढता चढता थांबले.

"काका, डावा पंख टिकेल?"

"हंड्रेड पर्सेंट! माझी गॅरंटी."

"मग पुढे अनिताला बसवू या. वजन माझ्याएवढंच आहे."

अनिता त्यांची मुलगी. ती हसली. "शुअर, आय'ल गो!" आणि निघालीच.

काकांनी तिचं कोपर घट्ट धरलं आणि ते माझ्यावर ओरडले.

"वेडी का तू? ती मेडिकलच्या फायनल इयरला आहे!"

मागच्या सीटवर बाबांनी पट्टा सोडला.