दासगावकडून विमान

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची गन पंजाबातल्या एका रेल्वे पुलाच्या पायथ्याशी लागली. चाळीस मिलिमीटरची विमानविरोधी तोफ. काम एकच, पूल राखायचा. दारूगोळा त्या पुलावरून पलीकडे जायचा आणि जखमी अलीकडे यायचे. पूल पडला तर पलीकडचे आपले लोक तुटले, हे कॅप्टनसाहेबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं.

आम्ही टेरिटोरियल आर्मीचे. म्हणजे पोटापाण्याला मुंबईत गिरणी नाहीतर गोदी, आणि रविवारी परेड. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हौसेनं नावं घातलेली. नेहमीच्या फौजेतले आम्हाला 'संडे सोल्जर' म्हणायचे. म्हणोत बापडे. विमान काही वार बघून येत नाही.

आमच्या गनवर सगळे महाड-पोलादपूरकडचे. कदम हवालदार नंबर वन, म्हणजे गनचे कमांडर. मी लेयर. सीटवर बसून चाक फिरवायचं आणि नळी विमानाच्या दिशेला न्यायची, एवढंच माझं काम. विमान आधी बघून आम्हाला दिशा सांगायचा तो स्पॉटर, लान्स नाईक धोंडू उतेकर. वरंधच्या वरच्या वाडीतला. आवाज असा की या डोंगरावरून हाक मारली तर त्या डोंगरावरची गुरं माना वर करायची.

धोंडूची मुदत लढाईच्या आधीच संपली होती. सुटल्याचा कागद हातात होता, गिरणीत पाळी चालू होती. आम्हाला बोलावणं आलं तेव्हा तो खुशाल घरी बसला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण आम्ही डेपोत जमलो तर हा आपला रांगेत उभा.

कदम हवालदार म्हणाले, "तू सुटलास ना रे?"

"सुटलो हाय. पन ह्यान्ला दिशा कोन सांगनार?"

झालं. परत नाव घातलं त्याने.

ही दिशेची भानगड सांगायला हवी. ड्रिल इंग्रजीतून. नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट. पहिल्या कॅम्पात आम्ही त्यात सारखे अडखळायचो. 'ईस्ट' ऐकलं की डोक्यात आधी सूर्य उगवायचा, मग हात हलायचा, तोवर विमान निघून गेलेलं. धोंडूनेच तोड काढली. गन म्हणजे महाड. पश्चिमेला दासगाव, पूर्वेला वरंध, उत्तरेला पाचाड, दक्षिणेला पोलादपूर. महाडच्या चौकात उभ्या असलेल्या आमच्या माणसाला दासगाव कुठे असं विचारा, तो विचार करत बसत नाही, त्याचा हात उठतो. तसे आमचे हात चालायला लागले.

कॅप्टनसाहेब पहाडी मुलखातले, शिस्तीचे कडक. त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी बंद केलं.

"ये तुम्हारा गाँव नहीं है. ड्रिल में जो शब्द है, वही बोलो."

"जी साब."

साहेब वळले की आमचं महाड परत सुरू.

तिकडचं हिवाळ्यातलं धुकं मी जन्मात विसरणार नाही. सकाळी डोळे उघडावेत तर नदी नाही, शेत नाही, शेजारचा माणूस कमरेपर्यंतच. पुलाच्या लोखंडी कमानी तेवढ्या वर दिसायच्या, खाली कशावर उभ्या आहेत ते कळायचं नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. चहाचा मग हातात धरून बसलं की वाटायचं, आत्ता वरंधा घाटातून एसटी वळण घेईल. कोणी बोललं तर आवाज कुठून आला ते समजायचं नाही. लढाई चालू आहे, आपण घरापासून इतके लांब आहोत, हे त्या पांढऱ्यात बसून खरं वाटत नसे.

धुकं जमिनीलगत असायचं. वर आभाळ मोकळं. म्हणून धोंडू फिल्ड टेलिफोन घेऊन कमानीवर चढून बसायचा. तो धुक्याच्या वर, उन्हात. आम्ही खाली बुडालेले. त्याने फोनवर गावाचं नाव घ्यायचं, मी चाक फिरवायचं.

त्या दिवशी चहा झाला आणि फोन गेला. कदम हवालदारांनी दोनतीनदा हँडल फिरवलं.

"लाइन डेड, साब."

कॅप्टनसाहेब नेमके आमच्याच पिटमध्ये, म्हणजे गनच्या खड्ड्यात होते. त्यांनी लाइनमनला पिटाळलं. जखमींची गाडी पलीकडच्या तीरावर सिग्नलला उभी होती, तिची शिटी ऐकू येत होती. मग दुसरा आवाज ऐकू आला. विमानाचा. धुक्यात तो चहूकडून येत होता. मी नळी कुठे नेऊ?

तेवढ्यात वरून हाक आली. आमच्याकडे या उतारावरून त्या उतारावर घालतात तशी, छातीतून, शेवट लांबवलेली.

"दासगाऽऽव..."

माझे हात फिरले. मी फिरवले असं म्हणणार नाही.

"फायर," कदम हवालदार म्हणाले.

आम्ही पांढऱ्यात मारत सुटलो. विमान डोक्यावरून गेलं, बॉम्ब नदीत पडला आणि पाणी आमच्या अंगावर आलं. पूल उभा होता.

"धोंडू, खाली ये रे," हवालदारांनी हाक दिली. वेळ होता त्याला. उतरता आलं असतं.

"थांबा. दुसरा हाय."

मग पुन्हा तीच साद, पण गाव पाठीमागच्या बाजूचं.

"वरंऽऽध... वरंऽऽध..."

गन अख्खी गरकन फिरली. आम्ही मारलं, त्यानेही मारलं. वर लोखंडावर ताडताड वाजलं. विमान कलंडलं, धूर सोडत निघून गेलं. त्याचा बॉम्ब वाळूत पडला.

कदम हवालदारांनी वर हाक दिली. परत दिली. मग आम्ही चढलो. धोंडू कमानीला टेकून बसला होता, फोन मांडीवर. वर ऊन छान पडलं होतं. खाली सगळं पांढरं, लांबवर पसरलेलं. इतकं सुंदर होतं की मला त्याचा राग आला.

जखमींची गाडी त्याच पुलावरून अलीकडे आली.

त्यानंतर गनवर गावाची नावं कोणी घेईना. नॉर्थ क्लिअर, साउथ क्लिअर, अगदी पुस्तकातल्यासारखं. एका सकाळी कॅप्टनसाहेब पिटमध्ये आले. कदम हवालदारांनी रिपोर्ट सुरू केला.

"वेस्ट क्लिअर, साब."

"वेस्ट नहीं," साहेब म्हणाले. "दासगाँव." मग थांबून, जपून उच्चार करत त्यांनीच विचारलं, "वरंध क्लिअर?"

हवालदार वर कमानीकडे बघू लागले. मी म्हटलं, "वरंध क्लिअर, साब." आणि रडलो. धुकं होतं, कोणाला दिसलं नाही. दिसलं असतं तरी चाललं असतं.

लढाई संपल्यावर धोंडूची ट्रंक घेऊन मी त्याच्या वाडीवर गेलो. तार आधीच पोचली होती. त्याची आई ओटीवर बसली होती. मला पाणी दिलं, ट्रंकेकडे बघितलं नाही.

"सुटलेला ना रे तो? कागद वाचून दाखवलान होता मला."

"होय आये."

"मंग कोनी धाडलान त्याला?"

वाटभर मी याच प्रश्नाला भीत आलो होतो. "कोणी नाय, आये. आपणहून आला."

तिने अंगणाकडे तोंड फिरवलं. म्हटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात, मी ऐकून घेतल्या असत्या.

"तिकडं आपलं कोन होतं त्याच्यासंगं?"

"आम्ही सगळे. महाड-पोलादपूरचेच."

"सगळी आलाव परत?"

"सगळे. तो सोडून."

"म्हंजे आनलान तुमा सगळ्यान्ला," ती म्हणाली आणि ट्रंक उचलून आत घेऊन गेली.

होय, आणलं त्याने. त्यातले कदम हवालदार गेले, एकेक करून बाकीचेही आपापल्या घरी, आपल्या अंथरुणात गेले. लान्स नाईक धोंडू उतेकर याने घरी आणलेल्यांपैकी आता मी एकटा उरलो आहे.