बिनसुरीचं घर

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा मावशीनं दिलेला सुऱ्यांचा संच सासूबाईंनी मला उघडूही दिला नाही. खोक्यासकट तो कपाटावर गेला. "इथे लागत नाही," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, बाई चिकट दिसतेय, जपून ठेवत असेल. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासरे कांद्यावर बुक्की मारत होते. एका बुक्कीत कांदा फुटला, पाकळ्या त्यांनी हातानं मोकळ्या केल्या. टोमॅटो मुठीत चिरडला. मग उकळत्या पाण्यातून सोयाच्या वड्या झाऱ्यानं काढून गार पाण्यात टाकल्या आणि मूठमूठ घेऊन अशा पिळल्या, की माझा हात आपोआप माझ्या गळ्याकडे गेला.

"आत पाणी राहिलं की वास येतो," ते म्हणाले. "दोनदा पिळायच्या. मग मसाला आतपर्यंत जातो."

हा माणूस कत्तलखान्यात कापणारा होता. तिथले जुने लोक अजून सांगतात, असा हात पुन्हा झाला नाही. आकड्याला लटकत आलेलं जनावर तो गुणगुणत सोलायचा, कातड्याला एक भोक पडायचं नाही. तोच हात घरी आला की सासूबाईंवर चालायचा. मीठ कमी पडलं की थोबाडीत, जास्त पडलं की लाथ. आणि बरोबर पडलं तर, "आज सूर्य कुठे उगवला?" बाईच्या दोन फासळ्या वाकड्या जुळल्यात. कूस बदलताना अजून कण्हतात.

माझ्या नवऱ्याचा डावा कान अर्धाच आहे. मला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा केस वाढवून आला होता. मी मूर्ख, मला वाटलं फॅशन आहे. लग्न ठरायच्या आधी त्यानंच केस बाजूला करून दाखवलं आणि कान कसा गेला ते सांगितलं; घरात सुरी नसते हे तेवढं सांगायचं राहून गेलं. तो शाळेत होता तेव्हाची गोष्ट. सुट्टीची दुपार. सासूबाई परातीत मटण घेऊन बसल्या होत्या, आणि सासरे डोक्यावर उभे राहून तुकडे वाकडे पडतायत म्हणून शिव्या देत होते. बाईच्या तोंडून कधी नव्हे ते निघालं, "मग तुम्हीच कापा की." सासऱ्यांनी सत्तूर हिसकावला आणि उगारला. पोरगा मध्ये पडला. अर्धा कान तुटून परातीत पडला.

दवाखान्यात नेताना कुणीतरी ओरडलं, "तुकडा घ्या, शिवता येतो!" सासरे परातीवर वाकले. बोटांनी तुकडे उलटेपालटे करू लागले. डोळे मिटून मांस ओळखणारा माणूस तो. त्याला त्या परातीत आपल्या मुलाचा कान सापडेना. शेवटी तो सासूबाईंनी शोधला, पण तोवर उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सुऱ्या, सत्तूर, दाढीची पातीसुद्धा पोत्यात भरून सासऱ्यांनी भंगारवाल्याला दिली. कत्तलखाना सोडला, एका गोदामावर राखणदार झाले. आणि येताना सोयाच्या वड्यांचं पाकीट घेऊन आले. म्हणाले, "मटणासारखं लागतं, पण कुणाचं नसतं." तेव्हापासून स्वयंपाक तेच करतात. वडीचा खिमा, वडीचा रस्सा, वडी भाजून, वडी तळून. कापावं लागत नाही असं सगळं.

गल्लीतले चहाटळ लोक म्हणायचे, करून करून भागले आणि देवपूजेला लागले. पण बाकीच्यांना त्यांचं फार कौतुक होतं. सुधारलेला माणूस लोकांना आवडतोच. ज्यांनी त्याचा मार खाल्लेला नसतो त्यांना तर जरा जास्तच आवडतो.

सासूबाई जेवायच्या, पण चांगलं म्हणायच्या नाहीत. सासरे रोज विचारायचे, "कसं झालंय?" त्या म्हणायच्या, "झालंय." आणखी एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. ते स्वयंपाकघरात असले की ही बाई त्यांच्याकडे कधी पाठ करत नाही. भांडी घासतानासुद्धा तिरकी उभी राहते.

माझी नणंद टायरच्या दुकानवाल्याला दिली होती. पहिल्यांदा माहेरी आली ती डोळा काळानिळा घेऊन. सासऱ्यांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाले, "पोरी, माणूस बदलतो. माझ्याकडे बघ." डब्यात वड्या भरून परत पाठवली. दुसऱ्या वेळी मानेवर सिगारेटचे चटके होते. माझा नवरा चिडला, "बाबा, जीव जाईल तिचा!" सासरे शांतपणे म्हणाले, "मी बदललो की नाही? सांग." आता अर्ध्या कानाच्या मुलानं याला काय उत्तर द्यायचं? ती पुन्हा गेली. माझा संताप संताप झाला होता. चोर सुधारला म्हणून गावानं दारं उघडी टाकायची का?

तिसऱ्या वेळी मनगट मोडून आली. प्लास्टर घातलेलं. सासरे म्हणाले, "उद्या त्याला जेवायला बोलावतो. मी बोलतो त्याच्याशी, या मार्गानं गेलेला माणूस आहे मी. मग जा त्याच्याबरोबर." नणंदेनं आईकडे बघितलं. आईनं तिचं ताट उचललं. नंतर मी तिचे केस धूत होते तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, या वेळी गेले तर मी चालत परत येणार नाही. उचलून आणावं लागेल."

जावई आला, धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. सासऱ्यांनी जीव ओतून रांधलं होतं. वड्या दोनदा पिळून, दह्यात मुरवून, कडा कुरकुरीत होईपर्यंत परतल्या होत्या. कमी पडायला नको म्हणून आणखी वड्या गॅसवर उकळत होत्या. जावयानं दोनदा मागून घेतलं. बोटं चाटत म्हणाला, "मटण मऊ झालंय, मामा."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "मटण नाही ते, जावईबापू. सोया आहे. तेच सांगायचंय तुम्हाला. माणसानं ठरवलं ना..."

जावयाचा घास हातात राहिला. त्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कुणी हसलं नव्हतं, पण त्याला ते हसणंच वाटलं. "जावयाला पेंड घालता? येडा समजता मला?" ताट भिरकावलं ते सासऱ्यांच्या कपाळावर बसलं. भुवई फुटली. रस्सा आणि रक्त एकत्र गळायला लागलं.

"चल, ऊठ," म्हणत त्यानं नणंदेचं प्लास्टरचं मनगट पकडून पिरगाळलं. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. माझा नवरा धावला, तर कोपर त्याच्या तोंडावर बसलं, दात जमिनीवर पडला. सासरे उठून मध्ये आले, "बसा, जावईबापू, बसा, बदलतो माणूस..." पोटात लाथ बसली तसे भिंतीला टेकून खाली बसले. बैल सोलणाऱ्या त्या हातांच्या मुठी वळल्या. त्यांनी ते दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ते हात बाहेर काढले तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही. पण मला त्या क्षणी त्यांचा राग आला. बायकोवर उठताना सुटे असायचे, आणि आता लेकीसाठी बांधून ठेवले!

जावयानं नणंदेला केसांना धरून दाराकडे ओढलं. तिचं डोकं चौकटीवर आदळलं. एकदा. मग त्यानं मुद्दाम दुसऱ्यांदा आदळलं.

सासूबाईंनी फडक्यानं गॅसवरचं पातेलं उचललं. घाई नाही, आरडाओरडा नाही. चार पावलं चालल्या आणि ते उकळतं पाणी वड्यांसकट त्याच्या पायांवर ओतलं.

तो असा ओरडला की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. तरी केस सोडीना. मग मीही झारा घेतला. मी काही संत नाही. बोटांवर हाणत राहिले, सुटेपर्यंत. तो पाय झाडत, भेलकांडत जिन्यावरून गेला, पायरीपायरीवर वड्या सांडत. नवऱ्यानं दाराला कडी घातली.

सासूबाई सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. पातेलं हातातच होतं, वाफ येत होती.

"तुम्ही बदललात," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकराचा कान गेल्यावर बदललात. हिचं काय जायची वाट बघत होतात?"

सासरे मान खाली घालून फरशीवरच्या वड्या गोळा करायला लागले. बोटं भाजत होती, तरी एकेक उचलत राहिले.

पोलीस आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हो, मीच ओतलं. लिहा." मग लेकीला पुढे करून मनगट, मान आणि डोकं दाखवलं. केस चालू आहे. नणंद इथेच आहे, आतल्या खोलीत, दार लावून का होईना, झोपते.

पोलीस येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला कपाटावरचं खोकं काढायला सांगितलं. कागद फाडून सगळ्यात मोठी सुरी निवडली, नळाखाली धुतली आणि ओट्यावर कांदा चिरायला घेतला. इतक्या वर्षांनीही काप पातळ पडत होते, एकसारखे. शेजारी सासरे वड्या पिळत होते. त्यांनी सवयीनं विचारलं, "आज रस्सा कसा करू?"

"तिखट," त्या म्हणाल्या.

घरात सुरी आल्यापासून स्वयंपाक दोघं मिळून करतात. सासूबाई आता भांडी सरळ उभ्या राहून घासतात. सासरे मात्र त्यांच्याकडे पाठ करत नाहीत.