तिथीची पाऊणपट

"हिचं नाव कशाला घातलंय? कोडच्या नोंदीत हिची एक ओळ नाही," सर म्हणाले. पडद्यावर आमचा गेम, समोर अख्खा वर्ग. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खाजणातली माणसं तुम्ही. चिखलाचा रंग मात्र बरोबर काढला असशील."

वर्ग हसला. माझा पार्टनरही हसला.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. गोखिवऱ्याजवळ खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत आमची भातशेती, तिच्यावरूनच मला गेम सुचला. भरती चढायच्या आत बांधातलं दार लावायचं, नाहीतर खारं पाणी भातात. कोड सगळा माझा. पण माझा जुना लॅपटॉप गेमचं इंजिन उघडतानाच मान टाकायचा. म्हणून कॉलेज सुटलं की पार्टनरच्या टॉवरमधल्या घरी जायचे, त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या लॉगिनने लिहायचे. प्रत्येक ओळ त्याच्या नावावर चढत होती. दिसत होतं मला. बोलले असते तर लॅपटॉप गेला असता, म्हणून मूग गिळून बसले. अक्कल गहाण टाकली होती मी.

सरांनी कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. इथे पाऊणने का गुणलंय? पार्टनरने मला कोपराने ढोसलं. दोन वर्षं प्रत्येक प्रोजेक्टला हेच चाललं होतं. मी कुजबुजायचे, तो बोलायचा.

त्या दिवशी नाही कुजबुजले. उभी राहिले.

"सर, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चवथीला तीन वाजता पाणी भरतं. माझा बाप याच हिशोबाने दार लावतो. ही ओळ मी लिहिलीय. सगळंच मी लिहिलंय."

वाटलं, सुटले. कसली सुटते. नोंद म्हणजे नोंद, सर म्हणाले. संध्याकाळी ऑफिसात कागद पुढे सरकवला. मी फक्त चित्रांपुरती मदत केली, असं त्यावर छापलेलं. सही केली तर पास, नाहीतर वर्ष गेलं. पोरीला समजवा म्हणून बापाला फोनही लावला.

बापाने मला एवढंच विचारलं, "ते तुजंच हाय ना?"

"हो."

"मंग?"

सही केली नाही. नापास झाले. तो पास झाला, माझा गेम दाखवून नोकरीला लागला. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. आता कॉलेजच्या लॅबमध्ये, एका रखडत चालणाऱ्या मशीनवर, तोच गेम पहिल्या ओळीपासून लिहितेय. माझ्या लॉगिनने. परीक्षेला सर तेच आहेत. त्यांच्यासमोरच उभं राहायचंय.

राहणार.