दीपगृहातली पाटी

वयाची बासष्ट वर्षं उलटली तरी भावाच्या तोंडी ती बारकीच होती. गावातल्या तीन शाळांचे गणवेश ती शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, काजं करायला एक बाई आणि भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. बोलायला फटकळ. बाही तोकडी झाली म्हणून एखादी आई तक्रार घेऊन आली, की ही सांगायची, "बाही तेवढीच आहे, हात वाढलाय." लोक तिला वचकून असत आणि तिला ते बरं वाटे.

भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, निवृत्त हेडमास्तर. त्यांचे वडील खडकाळ किनाऱ्यावरच्या जुन्या दीपगृहाचे रखवालदार होते. पुढे दिवा विजेवर गेला, मग आपोआप लागू लागला, आणि आता ती दीडशे वर्षांची इमारत तिकीट काढून बघायची जागा झाली होती. एका रविवारी दादा गाडी घेऊन दारात आला. "चल, आपलं घर बघून येऊ." सोबत वहिनी होती. बारकीला तिथेच संशय आला. दादा उगाच पेट्रोल जाळणाऱ्यांतला नव्हता.

खाली लाटा खडकांवर आपटत होत्या. त्यांच्या राहत्या घरात तिकीटखिडकी झाली होती. आई पावसाळ्यात ओले कपडे जिथे वाळत घालायची, त्या खोलीत टोप्या विकायला ठेवल्या होत्या. बारकी तडक मनोऱ्याच्या पायऱ्या चढली. मागून दादा धापा टाकत येत होता.

दिव्याच्या खालच्या खोलीत माहिती सांगणारी मुलगी दहा-बारा लोकांना घेऊन उभी होती. भिंग फिरवणारं जुनं यंत्र दोरीच्या आड ठेवलं होतं आणि शेजारी वडिलांचा फोटो लावलेली नवी पाटी. मुलीने ती वाचून दाखवली: रखवालदार अकरा दिवस तापाने अंथरुणाला खिळले असता त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने एकट्याने दिवा चालू ठेवला. "आणि तो मुलगा आज आपल्यात आहे," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने हात जोडले.

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या अकरा दिवसांत दादा मामाकडे शहरात शिकत होता. आईला वडिलांपासून हलता येत नव्हतं. अकरा वर्षांची बारकीच दिवस मावळला की वर जायची, रॉकेलच्या दिव्याला पंप मारायची आणि दर तीन तासांनी यंत्राला चावी द्यायची. एकदा हँडल अडवून धरणारी खिटी निसटली, हँडल उलटं फिरलं आणि हनुवटी फुटली. वडील बरे झाले, पण हातांत जोर राहिला नाही. तिची शाळा सुटली ती सुटलीच. सतरा वर्षांची होईपर्यंत चावी तीच देत होती. दादाला मात्र कोणी परत बोलावलं नाही.

"खोटं आहे हे," ती म्हणाली.

"बारके, घरी बोलू," दादा हळूच म्हणाला.

"पाटी इथे लावलीस, मग घरी कशाला? तू तेव्हा मामाकडे होतास."

"अगं, आपल्या घराचंच नाव झालं ना. मी काय आणि तू काय."

"मग माझं लिहायचं होतंस."

मुलगी म्हणाली, "कदाचित दोघांनी मिळून..."

"तुझी चूक नाही, पोरी, पण मध्ये पडू नकोस." बारकीने दोरी बाजूला केली. "दादा, चावी देऊन दाखव."

दादाने हँडल धरलं, ओढलं, दोन्ही हातांनी जोर लावला. ते हललं नाही.

"आधी खालची खिटी सोडायची असते," ती म्हणाली, आणि स्वतः मात्र जागची हलली नाही.

"पुरे आता, चारचौघांत शोभा नको," वहिनी म्हणाली.

"शोभा दादाने मांडलीय. मी नुसती बघायला आले."

उतरताना जिन्यात दादा फुत्कारला, "मी एक शाळा उभी केली. तुला एक पाटी बघवत नाही."

"तुझ्या शाळेत लाव तुझी पाटी. आयत्या बिळावर नागोबा होऊ नकोस."

खाली कार्यालयात कारकून म्हणाला, "मजकूर तुमच्या भावांनी लेखी दिलाय. तक्रार असेल तर तुम्हीही लेखी द्या." हवं तर मी लिहून देतो, असंही तो म्हणाला, पण बारकीने कागद ओढून घेतला. मापं सोडून कित्येक वर्षांत तिने काही लिहिलं नव्हतं. पाच ओळींना अर्धा तास गेला. बाहेर हॉर्न दोनदा वाजला, मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला. तिने मान वर केली नाही. घरी ती बसने गेली, सगळा रस्ता उभ्याने.

दोन महिन्यांनी पत्र आलं. माहिती परस्परविरोधी असल्यामुळे पाटी काढून टाकली होती. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

"झालं समाधान? आता माझंही नाव नाही आणि तुझंही नाही."

"झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मशिनवर बसून तिने एका शर्टाची कॉलर उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. काजं करणारी बाई बघत होती.

वहिनीने नंतर दोन-तीनदा समेटाचं बोलून पाहिलं. "त्याने दिव्याखालच्या त्याच खोलीत उभं राहून लोकांना खरं सांगावं, मी लगेच येते," एवढंच बारकी म्हणाली. हेडमास्तरांनी ते अजून सांगितलेलं नाही, आणि बारकीही त्यांच्या दारात गेलेली नाही.