दाबयंत्रावरचं कुंकू

गिरणीच्या तपासणी खोलीत मी नोंदी लिहायचो. तिथे एक यंत्र होतं. त्याच्या दांड्यावर वजनं ठेवली की तेलावर नेमका दाब यायचा, आणि त्यावरून बॉयलरच्या दाबमापकाचा काटा तपासला जायचा. मिस्त्री तो दांडा पेट्रोलने धुऊन मलमलीने पुसायचा. वजनांसकट दांडा नळीत मोकळा फिरायला हवा; एक कण आत गेला तरी तो अडतो, काटा खोटं सांगतो आणि बॉयलर फुटू शकतो.

खंडेनवमीला मॅनेजरसाहेब फोटोग्राफर घेऊन हत्यारांच्या पूजेला आले. त्यांचं खरं हत्यार फाउंटन पेन, पण ते फोटोत शोभलं नसतं. त्यांनी नुकत्याच धुतलेल्या दांड्यावर मूठभर कुंकू ओतलं.

मिस्त्रीने त्यांचं मनगट धरलं. "काहून टाकलं जी? बॉयलरपाशी माहा भाऊ उभा राह्यते, तुमी नाही!"

साहेबांनी त्याच्या थोबाडीत मारली. मिस्त्रीने कॉलर धरून त्यांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवई फाटली. मग पहारेकऱ्यांनी मिस्त्रीला लाठ्यांनी आडवं केलं, त्याचा दात पडला.

"हाकला याला," साहेब रुमाल दाबून म्हणाले, "आणि काटा तपासून बॉयलर पेटवा."

मी वजनं ठेवून दांडा फिरवला. अर्ध्या फेरीत तो अडला. मी तसं सांगितलं.

मिस्त्रीचा भाऊ कोळशाचं फावडं घेऊन दारात आला होता. त्याने ते साहेबांच्या छातीला टेकवलं. "चला, तुमीच पेटवा."

साहेबांनी मिस्त्रीला सोडायला सांगितलं. तो उठला, रक्त थुंकला आणि दांडा काढून पेट्रोल मागू लागला.