पालथा निजणारा देव

हॉटेलात जेवायला बसलो आणि समोरच्या भिंतीवर आमच्या गावचा नरसिंह दिसला. हनुवटीवरचा टवका ओळखीचा होता. माझ्या काकांनीच तो कागदाचा लगदा लावून बुजवला होता.

आमच्या डोंगरातल्या गावात बोहाडा होतो. देवांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. खायचे वांधे असले तरी बोहाडा चुकत नाही. तो संपला की मुखवटे फडक्यात गुंडाळून माळ्यावर पालथे ठेवायचे. देव निजला, आता वर्षभर त्याचं तोंड बघायचं नाही.

हा नरसिंह प्रदर्शनासाठी म्हणून नेला होता. नेणारे काकांच्या ओट्यावर बसले, चहा प्याले, गावच्या कलेचं तोंड भरून कौतुक केलं. "बोहाड्याआधी आणून देतो, बाबा," म्हणाले. यंदा नरसिंहाची पाळी आली, संबळाने ताल धरला आणि काका मुखवट्याविना, उघड्या तोंडानेच नाचले. हात कुणीच जोडले नाहीत.

लुटायला येणारा दरडावत येतो, असंच आम्हाला वाटायचं. कौतुक करत येणाऱ्याला ओळखायला आम्ही शिकलोच नाही.

इथे नरसिंहाच्या उघड्या डोळ्यांवर दिवा सोडलाय. दिवसरात्र. त्याच्याखाली लोक सूप पिताहेत.

मी तिथूनच काकांना फोन लावला. "नरसिंह सापडला," म्हणालो. काकांनी एवढंच विचारलं, "पालथा ठेवलाय ना रे त्याला?"