वीस लिटर पाणी आणि शेजारच्या मॅडम

"बोलू नका, चढवा पाठीवर," असं आपल्या विद्यार्थिनींना म्हणून शेजारच्या मॅडम आपले खांदे पुढे करायच्या. मग वीस लिटर पाण्याचा कॅन पाठीला बांधून गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. अंगावर कॉलेजची साडी, पायात चपला. भाजीवाला गाडा थांबवून बघत राहायचा. मुलांनो, तुम्ही इथे असता तर तुम्हीही गॅलरीतून हललाच नसता.

त्या परभणीच्या एका सरकारी तंत्रनिकेतनात शिकवायच्या. तिथे सरकारने एक नवा अभ्यासक्रम सुरू केला होता. सैनिकांची एखादी अडचण शोधायची, तिच्यावर उपाय ठरेल अशी वस्तू बनवायची आणि पुढे त्यातून स्वतःचा उद्योग उभा करायचा. साहित्याचा खर्च सरकारचा.

सहकारी हसले. "मॅडम, परभणीला कुठली आली सीमा?"

"सीमा न्हाई, पाठ तर हाय ना," मॅडम म्हणाल्या.

त्यांचे वडील जिंतूरकडे दुसऱ्यांच्या कापसावर फवारणी करायचे. पंपाच्या पट्ट्यांनी त्यांच्या खांद्यांवर वळ उठायचे आणि लहानपणी मॅडम त्यांवर तेल चोळायच्या. डोंगरावरच्या चौक्यांवर जवानही पाणी पाठीवरून वाहतात, हे त्यांना सुट्टीवर आलेल्या एका जवानाकडून कळलं. त्यांनी दोन विद्यार्थिनींना कामाला लावलं. ओझं खांद्यावरून कमरेवर उतरवणारा सांगाडा बनवायचा होता. एकीने नळ्या वाकवल्या, दुसरीने पट्टे शिवले, आणि गल्लीत कॅन वाहून मॅडम त्याचीच परीक्षा घ्यायच्या.

वस्तू सैन्याच्या चाचणीसाठी निवडली जावी म्हणून करायचा अर्ज इंग्रजीत होता. तो तपासायला माझ्याकडे आला, कारण मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. मुलींनी लिहिलं होतं: पाणी जड असतं, पट्टा खांद्यात रुततो, म्हणून आम्ही वजन कमरेवर घेतलं. मला ते बाळबोध वाटलं. एका दुपारी बसून मी सगळं बदललं. वाक्यं भारदस्त झाली आणि मुलींनी ती पाठ केली.

पुण्यात निवड समितीने त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारला. दोघींनी पाठ केलेलं तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. अर्ज शेरा मारून परत आला: काम विद्यार्थिनींचं स्वतःचं वाटत नाही.

मॅडमनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. आवाज चढला नव्हता. "काकू, इंग्रजी लय सुंदर हाय. फक्त ह्यात आमच्या पोरी कुठं दिसंनात."

मी चहा टाकला. त्याच दिवशी मी समितीला पत्र लिहिलं: भाषा माझी, काम त्यांचं. इतकं आखूड आणि साधं इंग्रजी मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा मीही सोबत गेले. पट्टे शिवणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, मराठीत सांगू?"

समितीतले एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "सांग की."

तिने सांगितलं थोडंच. मग मॅडमनी भरलेल्या कॅनसकट सांगाडा त्या साहेबांच्याच पाठीवर चढवायला लावला. साहेब दोन जिने चढून उतरले. "डावीकडे ओढतोय," ते म्हणाले.

"तुमचा डावा खांदा खाली हाय, सर. थांबा." मुलीने बकल दोन घरं आवळलं. "आता चाला."

साहेब चालले. परत आल्यावर त्यांनी मुलीला पट्ट्याची शिवण उलटून दाखवायला सांगितली आणि तिथेच खाली बसून बघत राहिले. सांगाडा डोंगरावरच्या चाचणीसाठी निवडला गेला.

उन्हाळ्यात मॅडमच्या बदलीचा आदेश आला. बसस्टँडवर पोचवायला मी एकटीच होते. मुली त्याच आठवड्यात चाचणीला गेल्या होत्या.

"पोरी आल्या न्हाईत ना?" मॅडमनी बसमध्ये चढताना विचारलं.

"कशा येतील? डोंगरावर आहेत."

"मग बरंय. आल्या असत्या तर मीच रागावले असते."

त्या खिडकीशी बसल्या. बस फाटकातून बाहेर वळेपर्यंत त्यांची मान मात्र स्टँडच्या दाराकडेच होती.